पाण्याचे जाळे

चमचाभर सब्जाचे बी पाण्यात टाकावे. दहा मिनिटांत प्रत्येक काळ्या दाण्याभोवती काचेसारखा मऊ गोळा तयार होतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या बादशहाकडे फालुदा खाताना हे गोळे जिभेवरून निसटतात, तेव्हा आपण हायड्रोजेल गिळत आहोत असे कुणाच्या मनात येत नाही. मराठी आणि इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या माझ्यासारखीच्या मनात ते यावे तरी कसे?

ते आले इस्पितळाच्या फिजिओथेरपी विभागात. गेल्या वर्षी बाबांच्या उजव्या अंगावरून वारे गेले. पाय पुष्कळ सावरला, पण हाताची मूठ उघडेना. तिथल्या मॅडम त्यांच्या कोपराखाली दोन चौकोनी चकत्या चिकटवून बारीक वीज सोडत, आणि मिटलेली बोटे हळूच उघडत. बाबा म्हणत, "बाय, हात माझा, पण चावी मॅडमच्या हातात!" एकदा चकती चिकटेना. मॅडमनी तिला पाण्याचा थेंब लावला आणि ती मुकाट्याने बसली. "जेल आहे ते. वाळले की रुसते," त्या म्हणाल्या. हा रुसवा काय असतो ते शोधण्यात माझी दिवाळीची सुट्टी गेली.

जेल म्हणजे पाण्याने भरलेले जाळे. बहुवारिकाच्या लांबच लांब साखळ्या अधूनमधून गाठींनी एकमेकींना बांधलेल्या असतात. गाठी नसत्या तर साखळ्या पाण्यात विरघळून गेल्या असत्या. साखळ्यांवर ऋण विद्युतभार असला की त्या एकमेकींना दूर लोटतात. शिवाय त्या भाराची जोडी म्हणून जाळ्यात अडकलेले सोडियमचे आयन बाहेरचे पाणी आत ओढतात. जाळे ताणत जाते, गाठी मागे खेचतात, आणि ही ओढाताण जिथे मिटते तेवढा जेलचा आकार. तान्ह्या मुलांच्या डायपरमधली पांढरी पूड याच जातीची. ती आपल्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरते. पण वर मीठ टाकले की बाहेरही आयनांची गर्दी होते, आतली ओढ ओसरते आणि पाणी सुटू लागते. हा प्रयोग मी घरी वाटीत केला. आई म्हणाली, "काकडीला मीठ लावल्यावर सुटते तसेच की!" अगदी तसेच.

जे मिठाने होते ते विजेनेही होते. अमेरिकेतील एम. आय. टी.मध्ये काम करणारे जपानी शास्त्रज्ञ तोयोइची तानाका यांनी १९८२ साली ते दाखवून दिले. पाणी आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणात फुगवलेल्या जेलला त्यांनी सौम्य वीज दिली. जाळ्यावरचा ऋणभार धन टोकाकडे खेचला जातो, जाळे तिकडे दाबले जाते आणि द्रव बाहेर पडतो. नवल असे की एका विशिष्ट पातळीला विजेत किंचित फरक केला तरी जेल एकदम कोसळते. त्याचे आकारमान शेकडो पटींनी घटू शकते. वीज काढली की ते पुन्हा फुगते.

आमच्या लालबाग-परळात १९८२ म्हटले की १८ जानेवारीला सुरू झालेला गिरणी संपच आठवतो. माझे आजोबा सायझिंग खात्यात होते. स्टार्च पाण्यात शिजवून, फुगवून त्याची खळ सुतावर चढवायची, हे त्यांचे काम त्या संपात कायमचे सुटले. पुढे स्टार्चपासूनच पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 'जलशक्ती' नावाचे पाणी शोषणारे बहुवारिक केले. मातीत पाणी धरून ठेवावे, हा त्याचा एक उपयोग. याच प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी जेलच्या फुगण्यावर संशोधन केले आणि १९८९ ते १९९५ तिचे संचालकपदही सांभाळले. गिरगावच्या चाळीतला हा मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करी, ही गोष्ट आपण प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकतो. त्यांच्या जेलची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मला तीच अधिक रंजक वाटते.

विजेने आकसणारे जेल म्हणजे कृत्रिम स्नायूच, अशी आशा तानाकांच्या प्रयोगानंतर अनेकांना वाटू लागली. मलाही ती वाटली, आणि कारण उघड आहे. पण अडचण पाण्याची. ते जाळ्यातून झिरपत आत-बाहेर होते. जाडी दुप्पट झाली की वेळ चौपट लागतो. म्हणून केसासारखे बारीक धागे चटकन हलतात, पण मनगटाएवढे जेल ताटकळत बसते. आपल्या स्नायूची रीत निराळी. मज्जातंतूचा संदेश पोचला की आत कॅल्शियम सुटते, प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात, आणि पाणी बाहेर न टाकता क्षणार्धात काम होते. मॅडमच्या चकतीवरचे जेलही स्वतः आकसत नव्हते. ते फक्त वीज कातडीपर्यंत नीट पोचवत होते. आकसत होता तो बाबांचाच स्नायू.

हे सारे मी बाबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे हाच हात वापरायचा तर."

आता ते रोज संध्याकाळी गॅलरीतल्या दोरीला कपड्यांचे चिमटे लावतात. परवा अकरा लागले. बारावा शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडला.