सपाट रस्त्यावरचा चढ

सायकल म्हटली की तुम्हाला चढ, धाप आणि मागून वाजणारे हॉर्न आठवतात का? मग पोलंडमधील विस्तुला नदीचे खोरे पाहा. क्राकोव्हच्या पूर्वेला पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधांवर सायकलींसाठी डांबरी वाट केली आहे. एका बाजूला नदीकाठची झाडी, दुसऱ्या बाजूला शेते. मोटारींचा आवाज नसल्याने मला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

पण सपाट रस्ता म्हणजे आराम नव्हे. उतार नसल्याने पाय सतत फिरत राहतात आणि उघड्या बांधावर समोरचा वारा हाच चढ असतो. वारा पाठीशी असताना दम लागल्याचे कळत नाही. ते परततानाच कळते. म्हणून शक्यतो वाऱ्याला तोंड देत निघा, म्हणजे थकल्यावर तो तुम्हाला घरी आणेल. गिअर हलका ठेवा, गुडघ्यांवर ताण कमी येतो. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतकाच वेग ठेवा.

छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा आणि 112 ला फोन करा. हा क्रमांक पोलंडमध्ये चालतो, तसाच भारतातही. शांत वाटेवर मदतही लांब असते, हे विसरू नका.