पायांवरची सूज

गेल्या पावसाळ्यापासून आईच्या पायांवरची सूज हटेना, आणि धायरी फाट्यापासून धारेश्वराच्या मंदिरापर्यंत दवाखान्यांच्या पाट्यांची एवढी दाटी असताना नेमके कोणाकडे जावे, ही विवंचना घरात मुक्काम करून राहिली. शेजारी हृदयरोगतज्ज्ञाचे नाव सुचवीत, नातलग मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाची शिफारस करीत, आणि दोघांचेही म्हणणे निराधार नव्हते. कारण हृदय, मूत्रपिंड, यकृत वा शिरा, बिघाड कुठलाही असो, तो घोट्यापाशी प्रकट होऊ शकतो.

म्हणूनच प्रथम विशेषज्ञ न शोधता सर्व शरीराचा साकल्याने विचार करणारा फिजिशियन गाठावा, असे माझे ठाम मत झाले आहे. आम्हांला लाभलेल्या डॉक्टरांनी फायलीला हात लावण्यापूर्वी आईच्या नडगीवर अंगठा दाबून धरला, उमटलेला खळगा किती वेळात भरतो हे पाहिले, मानेतल्या शिरा न्याहाळल्या, झोपताना उशा किती लागतात हे विचारले, आणि मग रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मागितली. अ‍ॅम्लोडिपिन! हृदय निर्दोष असतानाही या औषधाने काहींचे पाय सुजतात. तरीही लघवीतील प्रथिने आणि टूडी एको तपासून खातरजमा केल्यावरच त्यांनी गोळी बदलली.

एकाच पायाला अकस्मात सूज येऊन तो ठणकू लागला, तर मात्र शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. तेव्हा ही सारी चौकशी तहकूब ठेवून तडक इस्पितळ गाठावे, असे त्यांनी बजावले. पुढील तपासणी पंधरवड्याने आहे. तोवर रोज सकाळी वजन टिपून ठेवण्याची ताकीद आहे.