बाळंतिणीच्या उशाशी पांडुरंग



चोखोबारायांच्या घरची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. सोयराबाईंचे दिवस भरत आले होते आणि चोखोबा घरातून निघून बहीण निर्मळेकडे गेले होते. घरात अठराविश्वे दारिद्र्य, जवळ हक्काचे माणूस नाही, आणि कळा सुरू झाल्या. तेव्हा दारात नणंद येऊन उभी राहिली. तिने सोयराबाईंना धीर दिला, बाळ झेलले, माय-लेकरांना न्हाऊमाखू घातले. पुढे उलगडा झाला की ती निर्मळा नव्हतीच. पंढरीचा राणाच निर्मळेचे रूप घेऊन आला होता. त्या बाळाचे नाव कर्ममेळा. परंपरा असे सांगते.

नारदाच्या गादीवर उभा राहून ही कथा मी पुष्कळ वर्षे सांगितली. देवाने सुईणपण केले म्हटल्यावर पुरुष मंडळी विठ्ठलनामाचा गजर करीत, आणि बायाबापड्या पदराने डोळे पुसत. गजर चमत्काराचा होता. डोळ्यांतले पाणी कशाचे होते, ते मला माझ्या घरात कळले.

आमच्या मंडळींचे पहिले बाळंतपण १९७५ साली तालुक्याच्या गावी दवाखान्यात झाले. त्या वेळच्या रीतीप्रमाणे तिच्या आईलासुद्धा दाराबाहेर बसवले होते, मग पुरुषांची गोष्टच सोडा. रात्रभर ती लोखंडी खाटेवर एकटी. नर्सबाई बिचारी दोन-तीन खोल्या सांभाळीत येत-जात होती. सकाळी सुखरूप सुटका झाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले. पुढे म्हातारपणी ती एकदा सहज बोलून गेली, "अहो, कळा कधीच विसरले मी. पण त्या रात्री हात धरायला कोणी नव्हतं, ते काही विसरले नाही."

आता ती नाही. तिचे ते वाक्य मात्र आहे, आणि त्या वाक्यामुळेच हा लेख लिहायला बसलो.

गेल्या वर्षी पुण्याला नातीचे दिवस भरत आले. तिची आई, म्हणजे आमची सून, पाच वर्षांपूर्वीच वैकुंठवासी झाली. नात आणि नातजावई दोघेही नोकरी करणारे. त्यांनी एक बाई नेमल्या. त्यांना 'डूला' म्हणतात, असे नातीने सांगितले. हा मूळ ग्रीक भाषेतला शब्द, अर्थ सेवा करणारी स्त्री. घरात कुजबुज झालीच. "पैसे देऊन माय आणायची का?" असे एका आजीबाईंनी तोंडावर विचारले. नात म्हणाली, "माय विकत नाही मिळत, आजी. पण मायेनं शेजारी बसायला शिकलेलं माणूस मिळतं."

या बाई सुईण नव्हेत, हे आधी ध्यानात घ्या. सुईण बाळंतपण करते, नाळ कापते. डूला यातले काही करीत नाही. ती तपासत नाही, औषध देत नाही, डॉक्टरांच्या कामात हात घालीत नाही. तिचे काम एकच, पहिल्या कळेपासून सुटका होईपर्यंत बाळंतिणीजवळून न हलणे. आमच्या घरी त्या आधी तीन वेळा आल्या. कळ आली की श्वास कसा लांब सोडायचा, उभे राहून कशाला टेकायचे, कुशीवर कसे वळायचे, हे दोघांना शिकवले. नातजावयाला कमरेखाली माकडहाडाजवळ तळव्याने दाब द्यायला शिकवले. तो गडी आधी संकोचला, पण शिकला.

वारीत तुम्ही हे पाहिले आहे. दिवेघाट चढताना एखाद्या म्हातारीचा दम तुटतो. तिच्या वाट्याची पावले दुसरे कोणी टाकू शकत नाही. पण शेजारची बाई तिचा हात खांद्यावर घेते, पाण्याचा घोट देते, आणि म्हातारी घाट चढून जाते. रात्री मुक्कामी कोणी अनोळखी माणूस पाय चेपून देतो. कीर्तनातही तसेच आहे. कीर्तनकाराचा आवाज बसला की मागचे टाळकरी धृपद उचलून धरतात. ते कीर्तन करीत नाहीत, कीर्तन पडू देत नाहीत. डूलाचे काम या जातीचे आहे.

शास्त्रानेही याची परीक्षा घेतली आहे. ग्वाटेमाला नावाच्या देशात एका इस्पितळात क्लाउस आणि केनेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींचा अभ्यास केला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. काही जणींजवळ एकेक साधी बाई बसवली. ती ना नात्यातली, ना शिकलेली दाई. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचे, एवढेच. ज्यांना काही गुंतागुंत झाली नाही अशा बायकांत, एकट्या असलेल्यांना दाखल झाल्यापासून सुटकेपर्यंत सरासरी १९ तास लागले. सोबत असलेल्यांची सुटका ९ तासांच्या आत झाली. तो अभ्यास लहान होता. पण पुढे १७ देशांतल्या २६ अभ्यासांचा, १५ हजारांहून अधिक बायकांचा आढावा २०१७ साली निघाला. तास काही निम्म्यावर आले नाहीत, पण बाळंतपण थोडे लवकर उरकते, शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, आणि त्या दिवसाची आठवण कडू राहत नाही, असे त्यातही दिसले.

याचे कारण शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. गाय व्यायला आली की आपण गोठ्यातली गर्दी हटवतो, कुत्रे हाकलतो, ओळखीचे एकच माणूस जवळ ठेवतो. जनावर बुजले की अडते. बाईचेही शरीर भीतीने आकसते आणि कळा मंदावतात. विश्वासाचा हात पाठीवर असला की ते सैल पडते.

नातीचे बाळंतपण मात्र सरळ झाले नाही, आणि तेही तुम्हाला सांगितले पाहिजे. चौदा तास कळा दिल्यावर बाळाचे ठोके मंदावू लागले. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. त्या बाईंनी डॉक्टरांना एवढीच विनंती केली, की काय करणार आहात ते तिला दोन वाक्यांत समजावून सांगा. डॉक्टरांनी सांगितले. नातीने मान हलवली. बाईंना आत सोडले नाही, तेव्हा त्या बाहेर नातजावयाजवळ बसल्या. तो थरथरत होता. त्यांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "बाळ आधी तुमच्याकडे येईल. हात गरम ठेवा." मुलगी झाली. नात शुद्धीवर असताना पहिले चीकदूध कसे पाजायचे, तेही त्यांनीच दाखवले. आपल्याकडे काही घरांत ते दूध अजून टाकून देतात. टाकू नका, माऊली, बाळाच्या अंगात रोगाशी लढायची शक्ती त्यातून येते.

मग त्या सोबतीचा उपयोग काय झाला? पोट तर चिरावे लागलेच. मी नातीला हे विचारले नाही, तिनेच सांगितले. "आजोबा, चौदा तासांत एक मिनिटसुद्धा मला एकटं वाटलं नाही." आजीचे वाक्य तिने कधी ऐकले नव्हते.

आता पुन्हा सोयराबाईंच्या घरात डोकावा. पांडुरंगाला काय अशक्य होते? मनात आणले असते तर कळा येऊच दिल्या नसत्या. घर सोन्याने भरले असते. त्याने तसे केले नाही. तो बाईच्या रूपात आला आणि जवळ बसला. कोणत्या घरात बसला? ज्या घराची सावली गाव टाळत होते, त्या घरात. कोणत्या खोलीत? जिला विटाळ म्हणून घरचीही माणसे शिवत नव्हती, त्या बाळंतिणीच्या खोलीत. दोन विटाळ ओलांडून देव आला. ज्या वाटेने आपण सर्व या जगात आलो, ती वाट त्याने अपवित्र मानली नाही. मग आपण कोण?

डूलाचे मोल प्रत्येक घराला परवडेल असे नाही, आणि तशी गरजही नाही. सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एका सोबतिणीला जवळ राहण्याची मुभा दिली आहे. जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी घरची बाई राहू शकते; जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही राहता येते. दवाखान्यात गेल्यावर हे हात जोडून, पण स्पष्ट विचारा. आई नसेल तर मावशी, आत्या, जाऊ, शेजारीण, कोणीही चालेल. तिने घाबरवणाऱ्या गोष्टी सांगू नयेत, फोनवर बोलत बसू नये, डॉक्टरांशी वाद घालू नये. घोटभर पाणी पाजावे, कंबर धरावी, नाम घ्यावे, आणि उठून जाऊ नये. दवाखाना टाळण्यासाठी ही सोबत नाही, दवाखान्यात एकटे पडू नये म्हणून आहे.

आपल्या दिंडीत, आपल्या भजनी मंडळात अशा दहा तरी माउल्या असतील, ज्यांचे हात शांत आहेत आणि बोलणे मऊ आहे. गावात कोणाचे दिवस भरत आले असतील, कोणाची आई दूर असेल वा नसेल, तर त्यांच्यातल्या एकीला तिच्याकडे पाठवा. एकादशीचा उपवास आपण करतोच. त्या महिन्यात एक रात्र जागरण बाळंतिणीच्या उशाशी होऊ द्या. तिथे टाळ लागत नाही, वीणा लागत नाही. निर्मळा होऊन जायचे, एवढेच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.