बोटभर दोरी

एम.एस.साठी अमेरिकेत गेलो आणि स्कायडायव्हिंगचं वेड लागलं. एका शनिवारी पॅराशूट पॅक करताना क्लोजिंग लूप विसविशीत दिसला. बोटभर दोरीचा फास, त्यातून एक पिन. पाठीवरचं सगळं बोचकं बंद राहतं ते एवढ्यावर! विमान भरत आलं होतं. म्हटलं, आजचा दिवस निभावेल. ‘चालतंय की’ हा तर आपला बाणाच!

शेजारच्या म्हाताऱ्या रिगरने लूपचे तुटके धागे नखाने उचलून दाखवले. म्हणाला, "दारात हा तुटला तर पॅराशूट बाहेर पडेल, वारा तुला खेचेल आणि तू विमानाच्या शेपटीवर आदळशील. मग आत बसलेल्यांचंही काही खरं नाही."

मी गप्प. विमान मला सोडून गेलं.

त्यानेच नवा लूप करायला शिकवलं. दोरी तिच्याच पोकळ पोटात ओवायची, टोकाला गाठ, गाठ सरकू नये म्हणून वॉशर. काम दहा मिनिटांचं, खर्च एका कॉफीएवढा.

मित्रांनो, ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ची व्याख्या मी परीक्षेत घडाघडा लिहिली होती. झिजलेल्या दोरीला मात्र ती व्याख्या ठाऊक नसते. तो जुना लूप अजून माझ्या पाकिटात आहे.