वाकळ, कौदी आणि कवंदी

बेळगावहून खानापूर, तेथून नंदगड आणि पुढे हल्याळ हा रस्ता आमच्या चांगल्या परिचयाचा. खानापुरास मलप्रभेचे दर्शन घडते. १८३१ साली इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णास जेथे फाशी दिले ते नंदगड मागे पडते आणि हळूहळू भातशेतीची जागा रान घेऊ लागते. जिल्हा बदलतो, बोली बदलते. एक गोष्ट मात्र तीच राहते. पावसाळा सरला की या साऱ्या मुलखात कुंपणांवर आणि कठड्यांवर जुनेऱ्यांची जाड पांघरुणे उन्हे खात पडलेली दिसतात. आम्ही तिला वाकळ म्हणतो, शेजारच्या कानडी घरी ती कौदी होते आणि हल्याळकडच्या सिद्दी वाड्यांत कवंदी.

आमच्या घरची वाकळ आत्याबाईंच्या हातची. आम्ही शिक्षणासाठी धारवाडला निघालो तेव्हा त्यांनी ती वळकटीत बांधून दिली आणि म्हणाल्या, “हिच्यात तुझी आजी आहे रे.” वर शहापुरी लुगडे, त्यावर इरकलीचे तुकडे, कडेला गुळेदगुड्डच्या खणाच्या पट्ट्या. आत्याबाई आज हयात नाहीत. वाकळही मधोमध विरली, आणि त्या विरलेल्या जागेतून आत दुसरीच, अधिक जुनी वाकळ दिसू लागली. ती आजीची.

गेल्या वर्षी कन्येला हैदराबादेस नोकरी लागली आणि तिने नेमकी हीच वाकळ मागितली. सौभाग्यवतींचे म्हणणे, ती आता कपाटातच बरी. नव्याने मढविल्याखेरीज ती टिकणार नव्हती, आणि मढविली तर आत्याबाईंचे टाके कायमचे झाकले जाणार होते. आमच्या गल्लीत वाकळ शिवणारे हात उरले नाहीत. तेव्हा हल्याळच्या एका शिक्षकस्नेह्याने सुचविलेल्या सिद्दी वाडीत आम्ही उभयता गेलो.

सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. त्यांतील कित्येकांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणले. तेथून निसटून ते या रानांच्या आश्रयास आले. त्यांच्यांत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत आणि घरची बोली कोकणीच्या वळणाची आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या स्त्रिया कवंदीचे काम एका कोपऱ्यापासून आरंभितात, तुकडे जोडीत कडेकडेने फिरतात आणि फेऱ्यामागून फेरा घालीत मध्यावर पोहोचतात. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची ‘फुले’ बसवितात. फुलांवाचून कवंदी उघडी, असे त्या मानतात.

ओसरीवरच्या वृद्ध बाईंनी आमची वाकळ जमिनीवर पसरली, तळहाताने चाचपली आणि आतल्या जुन्या शिवणीवर बोट ठेवले. आम्ही विनंती केली, “बाकी सारी मढवा, एवढा एक कोपरा तरी आत्याबाईंच्या टाक्यांचा उघडा ठेवा.” बाईंनी मान हलविली. “नाही मास्तर. उघडा कोपरा राहिला तर तिथूनच फाटत जाईल.” सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग त्यांनीच पिशवीतून आपली एक जुनी साडी काढून बाईंपुढे ठेवली. आत्याबाईंनीही आजीच्या वाकळेवर एके काळी हेच केले होते. आजीचे टाके त्यामुळेच आमच्या दृष्टीस पडले.

महिन्याभराने वाकळ तयार झाली. आत्याबाईंचा खण आता दिसत नाही. चार कोपऱ्यांवर चार फुले आहेत, सिद्दी पद्धतीची. आमच्या घराण्यात ती पूर्वी कोणी शिवली नव्हती. वाकळ पूर्वीपेक्षा जड झाली आहे. हैदराबादेस थंडी ती कितीशी! तरी कन्येने दोन कपडे कमी घेतले आणि वाकळेला पेटीत जागा केली.