वाळूवरची बग्गी

लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा १०१ क्रमांकाचा राजमार्ग साधारण निम्म्या वाटेवर समुद्रास येऊन भिडतो. तेथे पिस्मो बीच नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस ग्रोव्हर बीच, पलीकडे ओशॅनो, आणि तेथून पुढे सुमारे १८ मैलांच्या किनाऱ्यावर वाळूच्या टेकड्यांचे एक स्वतंत्र राज्यच पसरले आहे. भूगोलाच्या पुस्तकांत त्यांस ग्वादालूपे-निपोमो टेकड्या म्हणतात. सँता मारिया नदी डोंगरांतील खडकांचा चुरा समुद्रात आणून टाकते, लाटा तो किनाऱ्याकडे परत लोटतात आणि वायव्येचा वारा तो उचलून आत जमिनीवर रचीत राहतो. वाऱ्याच्या अंगास टेकडीचा चढ सौम्य व त्यातल्या त्यात घट्ट असतो. पाठीमागे मात्र ती एकाएकी तुटल्यासारखी उतरते. तो उतार ३२ ते ३४ अंशांचा. त्याहून उभी अशी कोरडी वाळू टिकतच नाही, ती घसरू लागते. शिखरावर उभे राहिले तरी पलीकडे काय आहे ते अगदी कडेशी जाईपर्यंत दिसत नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

ह्या वाळूने अनेक तऱ्हेची माणसे पाहिली आहेत. प्रथम चुमाश जमातीचे लोक. त्यांस ही भूमी आजही पवित्र वाटते. १९२३ साली सेसिल डी मिल ह्या चित्रपटकर्त्याने येथे इजिप्तच्या फॅरोची नगरी प्लॅस्टरमध्ये उभारली आणि काम आटोपल्यावर ती वाळूतच गाडून टाकली. त्या नगरीतील स्फिंक्सचे तुकडे अलीकडे उकरून काढले असून ते ग्वादालूपे गावी पाहावयास मिळतात. त्यानंतरच्या दोन दशकांत काही चित्रकार, लेखक, ज्योतिषी व संसारास विटलेले लोक टेकड्यांच्या आडोशास झोपड्या बांधून राहिले. लोक त्यांना ‘ड्यूनाइट’ म्हणत. आपल्याकडील वाचकांस नवल वाटेल, पण अहमदनगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा १९३४ च्या आपल्या अमेरिकेच्या प्रवासात ह्याच वाळूतल्या मंडळींकडे येऊन गेले होते. ज्या टेकड्यांवर मौनव्रती साधूची पावले उमटली, त्याच टेकड्यांवर आज एंजिनांचा गडगडाट चालतो. काळाची गंमत म्हणावयाची ती हीच!

मी तेथे गेलो तो मात्र साधूंच्या शोधार्थ नव्हे, बग्गीच्या शोधार्थ. ‘बग्गी’ हा शब्द आपणांस परका नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी संस्थानिकांच्या व सुखवस्तू वकिलांच्या दारी घोड्याची बग्गी असे; शब्द इंग्रजांनी आणला आणि आपण तो आपलासा केला. कॅलिफोर्नियातील लोकांनी तोच शब्द वाळूवर धावणाऱ्या एका उघड्या, बुटक्या, बेडकासारख्या टपोऱ्या डोळ्यांच्या मोटारीस लावला. तिला दारे नाहीत, खिडक्या नाहीत आणि छप्पर असले तर नावापुरते. वास्तविक ज्या वस्तूचा संसारास काडीइतका उपयोग नाही, तिच्यासाठी शहाणीसुरती माणसे साठ वर्षे वेडी होतात, हे कोडे उलगडावे एवढाच माझा हेतू होता.

वाळूवर मोटार चालविण्याची हौस ह्या गाडीहून जुनी आहे. ओल्या वाळूची किनारपट्टी रस्त्यासारखी कठीण असते; तीवरून मोटारी फार पूर्वीपासून जात. पण टेकड्या चढावयाच्या म्हणजे निराळे काम. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे टप व पत्रे उतरवून, मोठे आठ नळकांड्यांचे एंजिन ठेवून, रुंद टायर लावून टेकड्यांवर धडका देत. एंजिन पुढे, जड, आणि पाण्याने थंड होणारे. गाडीचे नाक वाळूत रुतावयाचे आणि पाणी उकळावयाचे. उपाय शक्तीत नसून हलकेपणात आहे, हे ध्यानात यावयास काही वर्षे गेली. तो हलकेपणा आणला जर्मनीच्या फोक्सवॅगन ‘बीटल’ने. फर्डिनंड पोर्शे ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात आखलेल्या ह्या स्वस्त गाडीचे एंजिन मागे असते, म्हणजे नेमके चालक चाकांवर वजन पडते. ते हवेने थंड होते, म्हणजे पाण्याची कटकट नाही. आणि कमानीऐवजी पिळाच्या सळयांवर तिची चाके झुलतात. शिवाय तिचा तळ म्हणजे एक सपाट पोलादी पाट असून वरचे सगळे घर बोल्ट काढले की पेटीचे झाकण उचलावे तसे उचलून बाजूस ठेवता येते. जणू कोणी तरी येऊन ते काढावे म्हणूनच केलेले!

ते ज्याने खऱ्या अर्थाने काढले त्या गृहस्थाचे नाव ब्रूस मायर्स. ह्यांचे चरित्र एखाद्या कादंबरीत शोभावे असे आहे. जन्म १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. अठरा-एकोणीस वर्षांचे असता ते अमेरिकन आरमारात ‘बंकर हिल’ ह्या विमानवाहू जहाजावर होते. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळ दोन जपानी आत्मघातकी विमाने अर्ध्या मिनिटाच्या अंतराने त्या जहाजावर येऊन आदळली आणि जवळजवळ चारशे माणसे मेली. मायर्स समुद्रात उडी टाकून वाचले; आपले जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्यास दिले. युद्धानंतर चित्रकलेचे शिक्षण, लाटांवरचे खेळ, आणि पुढे शिडाच्या नौका बांधण्याचा व्यवसाय असा त्यांचा मार्ग. नौका बांधता बांधता त्यांस फायबरग्लास ह्या नव्या पदार्थाचे वेड लागले. काचेच्या तंतूंचे कापड साच्यात पसरावयाचे, त्यावर राळेसारखा चिकट द्रव ओतावयाचा, तो वाळला की पोलादाहून कितीतरी हलके, न गंजणारे आणि हवा तो आकार घेणारे कवच तयार होते. पिस्मोच्या वाळूवर त्यांनी त्या धडपडणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. १९६४ साली न्यूपोर्ट बीच येथील आपल्या गॅरेजात, नौकेचे कवच ओतावे त्याच हातोटीने, त्यांनी एका लहान गाडीचे कवच ओतले. रंग तांबडा, म्हणून पुढे तिचे नाव ‘ओल्ड रेड’ पडले. आणि त्या जातीच्या गाड्यांस मायर्सनी ‘मँक्स’ म्हटले, कारण आयर्लंडनजीकच्या मॅन बेटावर बिनशेपटीची मांजरे असतात व ही गाडीही मागून तशीच तोडल्यासारखी दिसते.

पहिल्या बारा गाड्या कवचाच्याच बळावर उभ्या होत्या. त्या घडविणे खर्चाचे होते. मग मायर्सनी युक्ती काढली: फोक्सवॅगनचा तोच पोलादी पाट घ्यावयाचा, मधून सुमारे १४ इंच कापून काढावयाचा, दोन्ही तुकडे पुन्हा सांधावयाचे आणि त्यावर नवे कवच बसवावयाचे. दोन आसांतील ९४ इंचांचे अंतर ८० इंचांवर आले आणि गाडी बकरीसारखी चपळ झाली. कवच विकत मिळे. बाकीचे ज्याने त्याने आपल्या अंगणात करावयाचे. शेजारच्या भंगारातून ठोकरलेली बीटल आणा, सांधणाऱ्याकडून पाट कापून घ्या, गियरची दांडी व ब्रेकच्या नळ्या आखूड करा, तारा नव्याने ओढा. माझ्या मते ह्या गाडीच्या मोहिनीचे रहस्य वाळूवर नसून अंगणात आहे.

तिची कीर्ती मात्र वाळवंटाने केली. १९६७ च्या एप्रिलमध्ये मायर्स व त्यांचे सोबती टेड मँगल्स ह्यांनी ओल्ड रेडमधून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील ला पाझपासून उत्तरेस तिहुआनापर्यंतचा रस्तेहीन प्रवास ३४ तास ४५ मिनिटांत केला. मोटारसायकलवाल्यांचा आधीचा विक्रम त्यामुळे पाच तासांनी मागे पडला. त्याच वर्षी शरदात त्या भूमीवर पहिली रीतसर शर्यत झाली, तीही मँक्स गाडीनेच जिंकली. मग काय विचारता! मायर्स ह्यांच्या कारखान्यातून सुमारे सहा हजार कवचे गेली. पण साच्यावरून साचा काढणाऱ्या नकलकारांनी जगभर लाखोंनी गाड्या उठविल्या. मायर्स न्यायालयात गेले, पण न्यायाधीशांनी त्यांचे पेटंट ग्राह्य धरले नाही. १९७१ साली कारखाना बंद पडला आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते ह्या गाडीचे नाव काढीत नसत. कल्पकाच्या पदरी कडू अनुभव आणि नकलकाराच्या पदरी पैसा, ही गोष्ट आपल्याही कारागिरांस नवी नाही. १९९४ साली फ्रान्समधील ल माँ येथे बग्गीवाल्यांच्या मेळाव्यास त्यांस बोलावले, तेव्हा कोठे तो रुसवा निघाला. २०१४ साली ओल्ड रेडची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय सूचीत दुसऱ्या क्रमांकाने झाली. २०२१ च्या फेब्रुवारीत चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन मायर्स वारले.

माझा भाचा सॅन लुईस ओबिस्पोस असतो. त्याच्या घरापासून दोन घरे सोडून राहणारे एक निवृत्त शाळामास्तर तीन हिवाळे अशी एक गाडी जुळवीत होते. भाचा म्हणाला, “मामा, चला, तुम्हांस कारखाना दाखवितो.” कारखाना म्हणजे गॅरेजचा अर्धा भाग, उरलेल्या अर्ध्यात बाईसाहेबांची लोणच्यामुरंब्यांची बरण्यांची फळी. खाली विटांवर पाट ठेवलेला, भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, प्रत्येक बोल्ट निराळ्या डब्यात आणि डब्यावर नाव लिहिलेले. शाळामास्तर ते शाळामास्तरच! मी विचारले, “हे तयार विकत मिळत नाही का?” ते म्हणाले, “मिळते की. पण मग तीन वर्षांचे रविवार मी कोठे घातले असते?” कवचाच्या आतील बाजूवर काचतंतूंचे विणकाम स्पष्ट दिसत होते. नातीने एका कोपऱ्यात बोट ओल्या राळेत उमटविले होते. ते त्यांनी घासून काढले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मित्राच्या पुऱ्या झालेल्या गाडीतून आम्ही वाळूवर गेलो. ओशॅनोचा हा सरकारी किनारा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राज्य-उद्यानांपैकी मोटार थेट समुद्रकाठी नेता येईल असे एकमेव ठिकाण. काठावर ताशी १५ मैलांची मर्यादा. वाटेत आरोयो ग्रान्दे नावाचा ओढा चाकांनीच ओलांडावा लागतो. टेकड्यांपाशी आल्यावर त्यांनी टायरांतील निम्म्याहून अधिक हवा सोडून दिली. उंटाचे पाऊल जसे पसरट, तसे चाक वाळूवर पसरले पाहिजे. मागे आठ फूट उंच काठीवर निशाण लावले, कारण शिखरापलीकडून कोण येत आहे हे दुसऱ्यास दिसत नाही. निशाण तेवढे आधी दिसते. मग गाडी निघाली. चढावर एंजिनाचा आवाज पाठीत भरतो, वारा तोंडावर वाळू फेकतो, आणि कडेशी आल्यावर क्षणभर पुढे नुसते आकाश दिसते. माझ्या वयाच्या माणसाने ओरडू नये असे म्हणतात, मी ओरडलो.

परंतु ह्या आनंदाचा हिशेब एकट्या बसणाऱ्याने करून चालत नाही. त्याच वाळूवर ‘स्नोई प्लोव्हर’ नावाचा चिमणीएवढा टिटवीच्या कुळातला पक्षी उघड्यावर तीन अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूचाच. १९९३ पासून तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. त्याच्यासाठी व लहान कुररी पक्ष्यासाठी मार्च ते सप्टेंबर ह्या काळात किनाऱ्याचा एक भाग कुंपण घालून बंद ठेवतात. शिवाय टेकड्यांवरची झुडपे चाकांखाली मोडली की वारा बारीक धूळ उचलतो व ती निपोमोच्या पठारावरील घरांत, मुलाबाळांच्या छातीत जाते. ह्या सर्व कारणांवरून २०२१ च्या मार्चमध्ये राज्याच्या किनारा-आयोगाने तीन वर्षांत टेकड्यांवरची वाहने बंद करावी असा ठराव केला. वाहनवाले न्यायालयात गेले आणि २०२३ साली न्यायालयाने आयोगास तसा अधिकार नाही असा निकाल दिला. दोन्ही बाजूंच्या लोकांशी मी बोललो. कुंपण राहावे, आणि लागल्यास वाढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. धुळीचा खोकला ज्या घरी रात्री ऐकू येतो त्या घराने हौस कशी समजून घ्यावी? पण एक गोष्ट नमूद केली पाहिजे. मी पाहिलेल्या गर्दीत घरी बांधलेल्या बग्ग्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बाकी सगळी नव्या बांधणीची, कारखान्यातून हप्त्यांवर आणलेली बलाढ्य यंत्रे. तीन वर्षांचे रविवार घालणारा मनुष्य वाळूवर वर्षातून चार वेळा येतो. हप्ते भरणारा दर आठवड्यास येतो.

आणखी एक अडचण आहे. बीटलचे उत्पादन जर्मनीत १९७८ साली थांबले आणि मेक्सिकोतील पुएब्ला येथे शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी बाहेर पडली. एकंदर दोन कोटी पंधरा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या खऱ्या, पण कापावयास जुना पाट आता सहज मिळत नाही. ज्या कंपनीकडे मायर्स ह्यांचे नाव गेले तिने २०२२ साली विजेवर चालणारी मँक्स जाहीर केली. शाळामास्तरांस ती कशी वाटते असे विचारले, तेव्हा ते “सुंदर आहे” एवढेच म्हणाले आणि पान्याकडे वळले.

संध्याकाळी घरी परतल्यावर गाडी प्रथम गोड्या पाण्याने धुतली. त्यातच तासभर गेला. फायबरग्लासच्या कवचास मीठ काही करीत नाही; खालचा पोलादी पाट मात्र समुद्राच्या एका रात्रीत गंजू लागतो. गृहस्थ पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले, नळीचे तोंड प्रत्येक खोबणीत धरले, आणि आतून त्यांनी माझ्या भाच्यास हाक मारून आणखी थोडे पाणी वाढवावयास सांगितले.