शिट्टीमागचं वाक्य

ऑलिव्हर पोस्टगेट (१९२५–२००८) हा इंग्रज गृहस्थ मुलांसाठी गोष्टी लिहायचा आणि त्या पडद्यावर हलत्या-बोलत्या करायचा. १९५९ साली त्यानं चित्रकार मित्र पीटर फर्मिन याच्याबरोबर 'स्मॉलफिल्म्स' काढली. स्टुडिओ कसला, तर कँटरबरीजवळ फर्मिनच्या घराचा जुना गोठा! बाहुल्या फर्मिनच्या, लेखन, चित्रण आणि निवेदन पोस्टगेटचं. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची.

'द क्लँगर्स' ही त्यांची मालिका बीबीसीवर १९६९ ते १९७२ या काळात दाखवली गेली. एका चिमुकल्या ग्रहावर राहणारे, उंदरासारखे गुलाबी जीव. फर्मिनची बायको जोन हिनं ते लोकरीनं विणले होते. त्यांची भाषा म्हणजे दांडा मागंपुढं करून सूर चढवायची-उतरवायची शिट्टी! पोस्टगेट सांगत असे, की निवेदनाशिवाय ही फिल्म परदेशी पाहुण्यांना दाखवली, तेव्हा जर्मन म्हणाला, 'हे अस्सल जर्मन बोलतात.' स्वीडनचा पाहुणा म्हणाला, 'छे, स्वीडिशच!'

गेल्या मे महिन्यात इंग्लंडहून आलेल्या नातवानं मला ती फिल्म मोबाइलवर दाखवली. सोबत समोरच्या अक्कांची नात होती. 'आई रागावलीय,' असं तो इंग्रजीत म्हणाला, ती कन्नडमध्ये. मलाही तेच वाटलं होतं, मराठीत. बेळगावात भाषेवरून इतकी भांडणं बघितलेल्या मला भरून आलं.

मुलगा लगेच म्हणाला, "बघ आई, भाव कळला की झालं. मराठीचा आग्रह कशाला?"

हे मात्र मला पटलं नाही. पोस्टगेट शिट्टी उगाच फुंकत नव्हता. प्रत्येक संवाद आधी इंग्रजीत पुरा लिहिलेला असे, मग तो शिट्टीवर वाजवत. अडकलेल्या दारावर वैतागून काढलेला एक उद्गार शिवराळ आहे, म्हणून बीबीसीतून हरकतही आली होती. ऐकू येणार होती नुसती शिट्टी! पण मागं वाक्य होतं, म्हणून सुराला अर्थ होता. ज्याच्या मनात घरचं वाक्यच नाही, तो शिट्टीत काय भरणार?

आता दर रविवारी मी नातवाला फोनवर मराठीत गोष्ट सांगते. निम्मी त्याला कळते, निम्मी तो सुरावरून ओळखतो. अक्का त्यांच्या नातीला कन्नडमध्ये सांगतात. परवा नातू मधेच म्हणाला, "आजी, थांब. 'रुसली' म्हणजे काय?"

मी गोष्ट थांबवली आणि त्याला रुसून दाखवलं.